भोंगा उशिरा का वाजला?

ओढ्याला पूर आला की वाजायचा भोंगा पाणी साकवावरून वाहू लागल्यावर चाळीस मिनिटांनी वाजला, तर त्याला बिघाड म्हणायचं का? यंत्र विकणाऱ्याचं म्हणणं होतं, बिघाड कसला, वाजला ना शेवटी! नंदिगड्ड्याच्या लोकांचं म्हणणं अर्थातच वेगळं होतं.

नंदिगड्डे हे माझं आजोळ. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, सह्याद्रीच्या दाट जंगलात वसलेलं गाव. काळी नदी याच तालुक्यात उगम पावते आणि गणेशगुडीला सुपा धरणात अडते. पावसाळ्यात इथे पाऊस पडतो असं कोणी म्हणत नाही, पाऊस राहायला येतो असं म्हणतात. सुपारीच्या बागा, भाताचे तुकडे आणि लांब लांब विखुरलेली घरं. दोन घरांच्या मध्ये एखादा ओढा हमखास असतो. उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी, आणि जुलैत तोच ओढा झाडं वाहून नेतो.

अशाच एका ओढ्यावर मामांच्या बागेच्या खाली लाकडी साकव आहे. कानडीत त्याला कालुसंक म्हणतात. सुपारीचे नाहीतर जंगली लाकडाचे ओंडके टाकायचे, वर फळ्या ठोकायच्या आणि हाताला धरायला एक बांबू. अलीकडच्या पाच-सहा घरांतली मुलं त्यावरूनच शाळेत जातात. सकाळी जाताना पाणी खाली असतं. संध्याकाळी परतताना ते कुठे असेल ते वरच्या डोंगरावर किती कोसळलं त्यावर ठरतं. गावात मोबाइलची रेंज धड नाही, त्यामुळे "आज तिकडेच थांबा" असा निरोप द्यायचीही सोय नाही.

म्हणून दोन पावसाळ्यांपूर्वी या घरांनी वर्गणी काढून एक यंत्र बसवलं. साकवाजवळ एक खांब. त्यावर पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, पाऊस मोजणारा पर्जन्यमापक, एक सौर पॅनेल, बॅटरी आणि मोठा भोंगा. आत एक छोटा मायक्रोकंट्रोलर, आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-एम३ गाभ्याचा. पातळी लाल खुणेवर गेली की भोंगा वाजणार आणि रेडिओवरून मामांच्या घरातल्या डब्यालाही निरोप जाणार. भोंगा ऐकू आला की मुलांनी साकवाकडे यायचं नाही, शाळेजवळच्या घरी थांबायचं, असं ठरलं होतं.

जून महिन्यात यंत्र दोनदा अगदी मेल्यासारखं सापडलं. बंद करून चालू केलं की ठीक. विक्रेत्याने माणूस पाठवून त्यात काहीतरी बदल केला. त्यानंतर यंत्र एकदाही मेलं नाही. मग जुलैतल्या एका संध्याकाळी पाणी साकवावरून वाहू लागलं आणि भोंगा गप्प राहिला. मुलं पलीकडच्या काठावर येऊन उभी होती. अलीकडे गुरांना आणायला आलेल्या एका आजींनी पाणी पाहिलं आणि हातवारे करून, ओरडून त्यांना मागे परतवलं. पुढे फळ्या वाहून गेल्या. भोंगा त्यानंतर वाजला.

मी बंगळुरूला फर्मवेअर लिहिण्याचं काम करते. म्हणजे मोबाइलवर दिसणारी ॲप्स नव्हेत, तर मिक्सर, मीटर, गाडी, पंप यांच्या आत बसलेल्या चिपला काय करायचं ते सांगणारा कोड. मामांनी फोन केला. "अगं, हे यंत्र पावसाला घाबरतं. तुला यातलं कळतं ना? एकदा बघ तरी." विक्रेता लहान होता, पण सरळ माणूस. त्याने कुरकुर न करता कोड पाठवून दिला. पुढची गोष्ट त्या कोडची आहे. आपल्या मंडळातली बरीच मुलंमुली आता शाळेतच अशा बोर्डांवर प्रयोग करतात, म्हणून ती थोडी सविस्तर सांगते.

आधी इंटरप्ट म्हणजे काय ते पाहू. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटते आहे. मधेच कुकरची शिट्टी होते. ती लाटणं ठेवते, गॅस बारीक करते आणि जिथे पोळी अर्धी राहिली होती तिथून पुढे लाटायला घेते. दर दोन सेकंदांनी कुकरकडे बघत बसावं लागत नाही, कारण शिट्टीच तिला बोलावते. चिपचंही तसंच. मुख्य काम चालू असतं; एखाद्या पिनवर विजेचा ठोका आला की चिप हातातलं काम थांबवते, त्या ठोक्यासाठी लिहिलेलं छोटं फंक्शन चालवते आणि परत येते. काही इंटरप्ट जास्त तातडीचे ठरवलेले असतात. गॅस बारीक करताना दूध उतू जायला लागलं तर आई आधी दुधाकडे धावते, मग गॅस, मग पोळी. कामात काम, त्यात आणखी काम.

परत येताना कुठे होतो हे लक्षात कसं राहतं? त्यासाठी मेमरीत एक जागा राखून ठेवलेली असते, तिला स्टॅक म्हणतात. इंटरप्ट आला की कॉर्टेक्स-एम गाभा स्वतःहून आठ रजिस्टरं तिथे ठेवतो, एकूण ३२ बाइट्स. त्यात कुठून आलो तो पत्ताही असतो. फंक्शनचे तात्पुरते आकडे आणि मजकूरही तिथेच रचले जातात. काम संपलं की ते काढून टाकले जातात. ही रास मेमरीत वरून खाली वाढते आणि तिच्या खाली प्रोग्रॅमची बाकीची चलं नांदत असतात. दोघांच्या मध्ये भिंत नसते. रास ठरलेल्या जागेपेक्षा खाली उतरली तर ती शेजाऱ्याच्या घरात शिरते आणि कोणी तक्रारही करत नाही. निदान लगेच तरी नाही.

तक्रार होते ती नंतर, आणि तिचं नाव हार्ड फॉल्ट. अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर जायला सांगितलं, न समजणारी सूचना दिली, तर चिप हातातलं सगळं सोडून हार्ड फॉल्टच्या फंक्शनमध्ये जाऊन बसते. खरं तर चुकांचे वेगवेगळे प्रकार असतात आणि प्रत्येकाची वेगळी खिडकी असते. पण त्या खिडक्या मुद्दाम उघडाव्या लागतात. नाही उघडल्या तर प्रत्येक तक्रार थेट सर्वांत मोठ्या साहेबाकडे जाते आणि बाहेरून सगळं एकसारखंच दिसतं: हार्ड फॉल्ट. तयार मिळणाऱ्या कोडमध्ये या फंक्शनच्या आत बहुधा एकच ओळ असते, कायम फिरत राहणारं रिकामं चक्र. यंत्र गोठतं. जूनमध्ये दोनदा झालं ते हेच.

विक्रेत्याने केलेला बदल म्हणजे वॉचडॉग. हा चिपमधलाच एक राखणदार असतो. मुख्य कोडने त्याला दर काही सेकंदांनी "मी जागा आहे" असं सांगायचं. सांगितलं नाही तर तो चिपला बंद करून पुन्हा सुरू करतो. वॉचडॉग चांगली गोष्ट आहे, प्रत्येक यंत्रात असावी. पण त्याने यंत्र का गोठतं याचं उत्तर मिळत नाही. गोठलेलं यंत्र कोणाला दिसत नाही, एवढंच होतं.

मी तसाच बोर्ड मागवला, कोड चढवला आणि टेबलावर ठेवला. पातळीच्या सेन्सरसमोर पाण्याची बादली, पर्जन्यमापकावर तांब्याने पाणी. भोंग्याच्या जागी एक दिवा. तीन दिवस सगळं व्यवस्थित चाललं. हार्ड फॉल्टच्या बाबतीत हा नेहमीचा अनुभव आहे. जिथे बसून शोधायचं तिथे तो येत नाही.

मग मामांना विचारलं, त्या संध्याकाळी आणखी काय दिसलं? ते म्हणाले, "त्या संध्याकाळचं नाही सांगता येणार. पण पाऊस जोरात असला की खांबावरचा हिरवा दिवा मधेच तीनदा लुकलुकतो. एरवी सावकाश एकेकदाच."

मी कोड उघडून पाहिला. तीनदा लुकलुकणं ही यंत्र सुरू होतानाची खूण होती. म्हणजे जोराच्या पावसात यंत्र पुन्हा पुन्हा सुरू होत होतं, आणि कोणाच्या लक्षात येत नव्हतं. मामांना म्हटलं, "आता असा पाऊस लागला की घड्याळ घेऊन पडवीत बसाल का? प्रत्येक वेळी दिवा तीनदा लुकलुकला की वेळ लिहून ठेवा."

सुपारीवाल्यांच्या घरी पावसाची वही असते, मामांकडेही आहे. आठवड्याभराने ते रेंज मिळते त्या चढावर गेले आणि वहीतून वेळा वाचून दाखवल्या. चार बारा. चार पंधरा. चार एकवीस. चार चोवीस. चार बत्तीस. मग पाऊस जरा ओसरला आणि चार त्रेचाळीसला भोंगा वाजला. पाणी लाल खुणेवर आलं होतं ते चारच्या सुमारास.

या पाच आकड्यांनी अर्धं कोडं सोडवलं. पाण्यावर वाहत येणाऱ्या फांदीमुळे किंवा लाटेमुळे खोटा भोंगा वाजू नये म्हणून कोडमध्ये एक शहाणपणाची अट होती: मिनिटाला एक अशी सलग दहा वाचनं लाल खुणेच्या वर आली तरच भोंगा वाजवायचा. यंत्र पुन्हा सुरू झालं की ही मोजणी शून्यापासून. मामांच्या वहीतल्या वेळांमध्ये अंतर होतं तीन, सहा, तीन आणि आठ मिनिटांचं. दहापर्यंत मोजणी कधी पोचतच नव्हती. पाऊस ओसरला तेव्हा यंत्राला पहिल्यांदा दहा मिनिटं सलग मिळाली आणि भोंगा वाजला. म्हणजे धोका वाढत होता तोवर गप्प आणि कमी व्हायला लागल्यावर बोंब! वॉचडॉगमुळे यंत्र सकाळी जिवंत दिसत होतं, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही.

उरलेलं अर्धं कोडं म्हणजे मुळात हार्ड फॉल्ट येतो कशाने? त्यासाठी आधी एक पंचनामा करणारं फंक्शन लिहिलं. फॉल्ट येतो त्या क्षणी चिपने आठ रजिस्टरं स्टॅकवर ठेवलेली असतात. कोणत्या पत्त्यावर होतो, तिथे कोणी पाठवलं, हे सगळं त्यात असतं. शिवाय फॉल्टचं मूळ कारण सांगणारी वेगळी स्थिती-रजिस्टरं असतात. मोठ्या साहेबाकडे आलेली तक्रार मुळात कोणत्या खिडकीची होती ते त्यात कळतं. हे सगळं मेमरीच्या अशा कोपऱ्यात लिहून ठेवायचं की पुन्हा सुरू होताना तो कोपरा पुसला जाणार नाही. मग यंत्र सुरू झालं की रेडिओवरून तो पंचनामा मामांच्या घरातल्या डब्याकडे पाठवायचा. रिकामं चक्र होतं तिथे एवढी वीस-पंचवीस ओळींची भर. सुट्टी काढून हुबळी, दांडेली, जोयडा असा प्रवास करून नंदिगड्ड्याला गेले आणि नवा कोड चढवून आले.

पुढच्या पावसात चौदा पंचनामे जमा झाले. सगळे एकाच छापाचे. कोणी पाठवलं? रेडिओचा निरोप गेल्यावर मुख्य कोड ज्या फंक्शनला बोलावतो, त्या ओळीने. कुठे पाठवलं? तो पत्ता असा होता की तिथे कोडच नव्हता. कॉर्टेक्स-एममध्ये साठवलेल्या फंक्शनच्या पत्त्याचा शेवटचा बिट १ असावा लागतो, इथे तो ० होता, आणि स्थिती-रजिस्टरात नेमकी तीच तक्रार नोंदलेली होती. तो चार बाइट्सचा पत्ता मी सहज अक्षरं म्हणून वाचून पाहिला. ती रेडिओच्या निरोपातली अक्षरं होती! फंक्शनचा पत्ता जिथे जपून ठेवायचा, तिथे कोणीतरी मजकूर सांडून ठेवला होता.

मेमरीचा नकाशा काढला तर तो पत्ता ठेवण्याची जागा होती स्टॅकच्या अगदी खालच्या शेजाऱ्याची. मग वही घेऊन हिशेब मांडला. स्टॅकला दिलेली जागा १०२४ बाइट्स. मुख्य कोड सर्वांत खोल असतो तेव्हा साधारण ३०० बाइट्स. पावसाच्या इंटरप्टची ३२ बाइट्स, त्यात नोंद लिहायला घेतलेली १२८ बाइट्सची पाटी, आणि त्या पाटीवर आकडे मजकुरात मांडणाऱ्या लायब्ररी फंक्शनची सुमारे ३५०. झाली ८१०. वर दर मिलिसेकंदाला येणाऱ्या टायमरची ४०. झाली ८५०. इथवर ठीक. आता याच वेळी रेडिओचा इंटरप्ट आला तर त्याची ३२ आणि निरोपासाठी घेतलेली २५६. एकूण ११३८. शेवटची ११४ बाइट्स शेजाऱ्याच्या घरात. रेडिओचा इंटरप्ट आपलं काम करून शांतपणे परत जातो, मागे काही वावगं दिसत नाही. थोड्या वेळाने मुख्य कोड शेजाऱ्याकडे पत्ता मागायला जातो आणि हाती मजकूर येतो.

पाऊस एकटा असेल तर काही होत नाही. रेडिओ एकटा असेल तरीही नाही. दोघं एकमेकांवर चढले तरच. मग हे जोराच्या पावसातच का व्हावं? पर्जन्यमापकात सी-सॉसारख्या दोन वाट्या असतात. ०.२ मिलिमीटर पाऊस जमला की वाटी कलते, चुंबकाने एक बारीक स्विच मिटतो आणि इंटरप्ट येतो. तासाला ६० मिलिमीटर पाऊस असेल तर दर १२ सेकंदांना एक ठोका. त्यात स्विच मिटताना थरथरतो, त्यामुळे एका ठोक्याचे पाच-सहा होतात. आणि या इंटरप्टमध्ये जुन्या चाचणीसाठी लिहिलेली एक ओळ तशीच राहून गेली होती: ८० अक्षरांची नोंद ९६०० च्या वेगाने सिरियल तारेवर पाठवायची आणि पाठवून होईपर्यंत तिथेच थांबायचं. त्याला ८३ मिलिसेकंद लागतात. ती नोंद वाचायला तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणीही नव्हतं. तिथे तारच नव्हती. पाच-सहा थरथरींचे मिळून जवळजवळ अर्धा सेकंद. दर १२ सेकंदांत अर्धा सेकंद चिप पावसाच्या इंटरप्टमध्येच. पाणी चढू लागलं की रेडिओ दर १० सेकंदांनी निरोप पाठवतो. चोवीस-पंचवीस निरोपांत एखादा त्या अर्ध्या सेकंदात सापडणारच. म्हणजे सरासरी चार मिनिटांत एकदा. मामांच्या वहीतल्या अंतरांची सरासरी पाच होती.

माझ्या तांब्याने इतका पाऊस पडला नव्हता, आणि बादलीतलं पाणी चढत नसल्यामुळे रेडिओही आरामात होता. म्हणून टेबलावर काही होत नव्हतं. मग एक दुसरा स्वस्त बोर्ड घेतला आणि त्याच्याकडून पर्जन्यमापकाच्या पिनवर दर सेकंदाला थरथरणारे ठोके मारले, रेडिओला दर दोन सेकंदांनी बोलायला लावलं. तीन मिनिटांच्या आत पहिला पंचनामा टेबलावर! बिघाड हवा तेव्हा घडवता आला की तो अर्धा सुटलाच, असं आमच्या धंद्यात मानतात.

इथे एक सापळा होता, तो मुलांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. मी प्रथम फक्त ती ८० अक्षरं पाठवणारी ओळ काढून पाहिली. रात्रभर एकही फॉल्ट नाही. इथेच "सापडलं!" म्हणून थांबता आलं असतं. पण स्टॅकचा हिशेब बदललेला नव्हता, बेरीज अजून ११३८ च होती. पावसाच्या इंटरप्टला वेळ कमी लागत होता म्हणून गाठ पडण्याची शक्यता घटली होती, एवढंच. तो फॉल्ट पुढच्या एखाद्या पावसाळ्यात, एखाद्याच रात्री आला असता आणि मग कोणालाच सापडला नसता. फॉल्ट येणं थांबलं आणि फॉल्टचं कारण गेलं, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

खरी दुरुस्ती साधी होती. पावसाच्या इंटरप्टमध्ये आता दोनच कामं: वेळ पाहायची आणि आधीच्या ठोक्यानंतर पुरेसा वेळ गेला असेल तर मोजणी एकने वाढवायची. मजकूर, नोंद, तार, सगळं मुख्य कोडकडे, त्याच्या सवडीने. रेडिओच्या इंटरप्टमधली २५६ बाइट्सची पाटी स्टॅकवरून उचलून स्वतःच्या कायमच्या जागी ठेवली. स्टॅकची जागा चौपट केली. चिपमध्ये एकूण २० किलोबाइट मेमरी होती, जागेची टंचाई नव्हती; १०२४ हा आकडा कोणी विचार करून ठरवलेला नव्हता, तयार साच्यात होता तसा राहिला होता. सुरुवातीलाच सगळा स्टॅक एका ठरावीक आकड्याने रंगवून ठेवायचा आणि नंतर रंग कुठवर उडाला ते पाहायचं, अशी एक जुनी युक्ती आहे. तीही घातली, म्हणजे रास कुठवर उतरली ते रोज कळतं. आणि लाल खुणेची मोजणी त्या न पुसल्या जाणाऱ्या कोपऱ्यात हलवली. उद्या वेगळ्याच कारणाने यंत्र पुन्हा सुरू झालं, तरी सातव्या वाचनानंतर आठवंच येईल, पहिलं नाही.

हे शेवटचं सुचलं ते एका जुन्या गोष्टीवरून. २० जुलै १९६९ ला अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ हा इशारा दिला. एका रडारकडून येणाऱ्या नको त्या ठोक्यांनी संगणकाचा वेळ खाल्ला होता आणि कामं वेळेत पुरी होत नव्हती. संगणक पुन्हा सुरू झाला, एकदा नव्हे तर अनेकदा. तरी यान उतरलं. कारण एमआयटीच्या प्रयोगशाळेत हे सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी (मार्गारेट हॅमिल्टन त्यांच्या प्रमुख होत्या) पुन्हा सुरू होताना कोणती कामं जिथल्या तिथे पुढे चालू राहिली पाहिजेत आणि कोणती सोडून दिली तरी चालतील, याचा आधीच विचार केला होता. यान उतरवण्याचं काम विसरलं गेलं नाही.

दुसरी गोष्ट १९९७ ची. ४ जुलैला मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. योगायोग असा की तिथेही हवामानाची नोंद करणारं, सर्वांत कमी तातडीचं काम गोत्यात होतं. त्याने एक सामाईक कुलूप धरलेलं, मधल्या तातडीचं काम त्याला पुढे जाऊ देत नव्हतं आणि सर्वांत तातडीचं काम कुलपासाठी ताटकळत होतं. राखणदाराने ते पाहिलं आणि सगळं पुन्हा सुरू केलं. यान सुरक्षित होतं, तेवढ्यावर भागवता आलं असतं. पण नासाच्या जेपीएलमधल्या मंडळींनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तेच काम चालवत तो बिघाड घडवून पाहिला, कारण शोधलं आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. टेबलावर पाऊस पाडण्यासाठी मी दुसरा बोर्ड जोडला, तो याच वाटेने.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी एकच सांगेन. इंटरप्टचा कोड शांत वेळी तपासून काही कळत नाही. ज्या घटनेसाठी यंत्र बसवलंय, तीच घटना त्याच्यावर सर्वांत जास्त भार टाकते. पूर मोजणाऱ्यावर पुराच्या दिवशी, गाडीच्या ब्रेकवर घाटात, रुग्णाच्या मॉनिटरवर रुग्ण अत्यवस्थ असताना. त्या दिवशी किती ठोके येतील, ते एकमेकांवर कसे चढतील, तेव्हा स्टॅक किती खोल जाईल, ही बेरीज कागदावर आधी मांडा. आणि बंद करून चालू केल्यावर एखादी गोष्ट बरी झाली, तर ती का बिघडली होती हे विचारायला विसरू नका. पंचनाम्याचं फंक्शन पहिल्या दिवशी लिहा, बिघाडाची वाट बघू नका.

आणखी एक. दिवा तीनदा लुकलुकतो हे कोणत्याही लॉगमध्ये नव्हतं. ते एका सुपारी पिकवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी टिपलं, आणि वेळा त्याच्या वहीत होत्या. यंत्र वापरणारा "पावसाला घाबरतं" म्हणाला, तर त्याला तांत्रिक भाषा येत नाही म्हणून हसू नये. त्याने लक्षण अचूक सांगितलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात भोंगा सात वेळा वाजला, सातही वेळा पाणी फळ्यांना लागण्याआधी. एकदाही पंचनामा आला नाही. स्टॅक सर्वांत खोल गेला तो ४१६ बाइट्सपर्यंत. विक्रेत्यानेही हाच कोड आता त्याच्या बाकीच्या यंत्रांत घातला आहे. मामा पावसाच्या वहीत अजून एक रकाना ओढतात, 'दिवा' असा, आणि रोज त्यात शून्य लिहितात. भोंगा वाजला की मुलं पलीकडच्या घरी थांबतात, तिथल्या मामी त्यांना पेज वाढतात आणि पाणी उतरेपर्यंत पत्त्यांचा डाव रंगतो. ओढ्यावर सिमेंटचा पूल व्हावा म्हणून सगळ्या घरांनी सह्या केलेला अर्ज दिलेला आहे. तो होईपर्यंत मिनिटाला एक वाचन चालू राहील.